वाचकांचे प्रश्न : नोकरी गेली, नोंद काय झाली?

२०२२ च्या गुढीपाडव्यापासून राज्यातले कोविडचे निर्बंध उठले, लोकल पुन्हा तुडुंब झाल्या. आमच्याकडे येणारी पत्रं मात्र अजून २०२० आणि २०२१ चे हिशेब विचारताहेत: भत्ता, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि अडकलेला पगार. मे २०२२ च्या या अंकासाठी त्यातले सहा प्रश्न घेतले आहेत. नियम मे २०२२ मध्ये लागू होते तसे दिले आहेत. यातले काही नंतर बदलले आहेत.

प्रश्न : मरोळ एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी मशीन ऑपरेटर होतो. पगार १६,०००, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जायचा. २०२० चे एप्रिल, मे, जून बिनपगारी गेले. १५ जानेवारी २०२२ ला ऑर्डर नाहीत म्हणून आम्हा सहाजणांना काढलं. बेरोजगारी भत्त्याचा ऑनलाइन अर्ज केला, तर ईएसआयच्या शाखेत म्हणतात की कंपनीने 'नोकरी सोडली' असं टाकलं आहे. भत्ता मिळेल का, आणि किती? ईएसआयचा दवाखाना बंद झाला का?

शेवटचं आधी. दवाखाना बंद झालेला नाही. ईएसआयमध्ये एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. तुम्ही जानेवारीच्या मध्यापर्यंत कामावर होता, त्यामुळे पुढच्या सहामाहीचाही हक्क तपासून घ्या. 'नोकरी गेली, कार्ड संपलं' असं समजून लोक खाजगी डॉक्टरकडे पैसे मोजत बसतात. कांदिवली, मुलुंड किंवा वरळीच्या ईएसआय रुग्णालयात जाताना आपला दहा आकडी विमा क्रमांक आणि आधार सोबत ठेवा.

आता भत्ता. तुम्ही अर्ज केलेली योजना म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती जुलै २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत आणि नोकरी गेल्यावर तीन महिने थांबावं लागे. २४ मार्च २०२० पासून दर ५० टक्के झाला, थांबण्याची मुदत ३० दिवसांवर आली आणि अर्ज मालकामार्फत न जाता थेट शाखेत जाऊ लागला. मे २०२२ मध्ये ही सवलत ३० जून २०२२ पर्यंत जाहीर झालेली होती.

पात्रतेच्या अटी दोन. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत असायला हवं. आणि नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या पूर्ण सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, शिवाय त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी निदान एकीत ७८ दिवस. तुमच्या बाबतीत लगेच आधीची सहामाही एप्रिल ते सप्टेंबर २०२१. त्या काळात दुसरी लाट होती, तेव्हा कारखाना किती दिवस चालला आणि मालकाने किती दिवस दाखवले हे ईएसआयच्या पोर्टलवर वर्गणीच्या तपशिलात बघा. प्रत्यक्ष काम ९० दिवस आणि नोंद ६० दिवस, हा प्रकार सर्रास आढळतो.

रक्कम काढायची रीत अशी: मागच्या चार सहामाहींतली एकूण कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मे, गुणिले बेरोजगारीचे दिवस, जास्तीत जास्त ९०. तुमच्या चार सहामाही ऑक्टोबर २०१९ ते सप्टेंबर २०२१. चोवीस महिन्यांतले तीन बिनपगारी, म्हणजे २१ गुणिले १६,००० बरोबर ३,३६,०००. भागिले ७३० केल्यावर रोजचे ४६०.२७, त्याचे निम्मे २३०.१४ आणि नव्वद दिवसांचे साधारण २०,७१२ रुपये. ते तीन महिने भरले असते तर आकडा २३,६७१ झाला असता. भागाकार ७३० नेच होतो, कामाच्या दिवसांनी नाही. म्हणून टाळेबंदीतला खाडा इथेही कापला जातो. हे अन्यायाचं वाटतं आणि आमच्याही मते आहेच, पण शाखेतल्या कारकुनाशी त्यावरून भांडून उपयोग नाही. हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. मध्येच नवी नोकरी लागली तर तेवढ्याच दिवसांचे पैसे.

खरी अडचण 'नोकरी सोडली' या नोंदीची आहे. मालक दरमहा वर्गणी भरताना ज्या कामगाराचे दिवस शून्य दाखवतो, त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, कपात (काम कमी म्हणून कामगार कमी करणं), संप किंवा मालकाने लावलेली टाळेबंदी, काम नाही वगैरे. हिशेबनीस बहुतेक वेळा विचार न करता 'नोकरी सोडली' निवडतो, कारण त्यानंतर प्रश्न येत नाहीत. या योजनेत मात्र स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला, स्वेच्छानिवृत्तीवाल्याला, गैरवर्तनासाठी काढलेल्याला आणि निवृत्त झालेल्याला भत्ता नाही. एका चुकीच्या क्लिकवर तुमचे वीस हजार अडले आहेत.

आधी मालकाला लेखी पत्र द्या: १५ जानेवारीला सहाजणांना काम नसल्याने कमी केलं, पोर्टलवरचं कारण दुरुस्त करावं. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. त्याची प्रत, 'उद्यापासून येऊ नका' असा मेसेज असेल तर त्याचा प्रिंट, शेवटच्या तीन पगारांच्या नोंदी असलेलं बँक पासबुक, आणि सहाजणांनी मिळून सही केलेलं निवेदन शाखा व्यवस्थापकाला देऊन पोच घ्या. मालकाकडे खातरजमा करण्याचं काम शाखेचं आहे, मालकाची सही आणून देणं तुमचं नाही. शाखा हललीच नाही तर दरमहा होणाऱ्या सुविधा समागमात, म्हणजे ईएसआयच्या तक्रार मेळाव्यात, तक्रार मांडा, नाहीतर लोअर परळच्या पंचदीप भवनात प्रादेशिक कार्यालयाकडे द्या. सहाजण एकत्र गेलात तर एकेकट्याने चकरा मारण्यापेक्षा काम लवकर होईल.

आणखी एक गोष्ट, जी शाखेत कोणी आपणहून सांगत नाही. कारखाना बंद पडून किंवा २०२२ मध्ये लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कपात होऊन नोकरी गेली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना लागू होते. ती २००५ पासून आहे. पहिले बारा महिने सरासरी कमाईच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के, आणि तेवढा काळ कुटुंबासह उपचार. नव्वद दिवसांच्या जागी चोवीस महिने! अट अशी की कपात कायदेशीर असल्याचा कागद हवा: नोटीस किंवा नोटिशीचा पगार, आणि नुकसानभरपाईचा हिशेब. अशा कपातीला कारखाना मोठा असण्याची अट नाही. सहाजणांना काढतानाही एक महिन्याची नोटीस आणि वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावाच लागतो. म्हणून मालकाकडून आधी कपातीचं पत्र मागा, ते हाती पडलं तर मोठ्या योजनेचा अर्ज करा. दोन्ही योजनांचा लाभ एकाच बेरोजगारीवर मिळत नाही.

प्रश्न : माझी मुलगी लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंट आहे. पगार ३४,०००, त्यात बेसिक १४,०००. नोकरीला चार वर्षं आठ महिने झाले. एचआरने बोलावून सांगितलं की राजीनामा दे, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ. नाही दिलास तर काढून टाकू, मग पुढे नोकरी मिळणार नाही. ती घाबरली आहे. काय करावं?

सही करू नये. एवढं तिला आजच सांगा, बाकी उद्या वाचलं तरी चालेल.

राजीनाम्याची किंमत तिच्याच आकड्यांत बघा. अकाउंट्स असिस्टंटचं काम कारकुनी स्वरूपाचं असल्याने तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ती सहसा 'कामगार' ठरते. हुद्दा 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलेला असला तरी न्यायालय प्रत्यक्ष काम बघतं. सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तिची पाच वर्षं. नोटिशीचे ३४,००० आणि भरपाईचे साधारण ८५,०००, मिळून एक लाख एकोणीस हजारांच्या आसपास. राजीनामा दिला की यातलं काहीही मिळत नाही, कारण ती कपातच राहत नाही. कंपनीला राजीनामा हवा असतो तो यासाठी. अनुभवाच्या पत्राची काळजी हे नुसतं निमित्त.

तिने कंपनीच्या ईमेलवरून, आणि त्याची प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेवून, चार ओळी लिहाव्यात: अमुक तारखेला अमुक बैठकीत मला राजीनामा द्यायला सांगितलं गेलं, माझी राजीनाम्याची इच्छा नाही, मी कामावर यायला तयार आहे. शब्द साधे असावेत, आरोप नकोत. दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं तर तसाच ईमेल वैयक्तिक पत्त्यावरून पाठवावा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पगारवाढीची पत्रं आताच स्वतःकडे घ्यावीत, कारण लॉगिन बंद व्हायला पाच मिनिटं लागतात. कंपनीच्या ग्राहकांची किंवा हिशेबाची कागदपत्रं मात्र घेऊ नयेत. त्याचंच निमित्त करून उलट कारवाई होते.

तरीही काढलंच, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अर्जाला ४५ दिवस झाले आणि तोडगा निघाला नाही, तर थेट कामगार न्यायालयात जाता येतं, आणि त्यासाठी २०२२ मध्ये काढल्याच्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत होती. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार करण्याचा दुसरा रस्ताही आहे, त्याची मुदत मात्र ९० दिवसांचीच. लोक या दुसऱ्या मुदतीला चुकतात, म्हणून वकिलाला पहिल्या पंधरवड्यातच भेटा.

दबावाखाली सही होऊनच गेली असेल तर? दोन-तीन दिवसांत 'राजीनामा दबावाखाली घेतला, मी तो मागे घेते' असं लेखी कळवावं. महिन्याने कळवलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

ग्रॅच्युइटीचं गणित थोडं अवघड जागी आहे. कायद्यात पाच वर्षं सलग सेवा म्हटलं आहे. त्याच कायद्यात एका वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष सलग धरावं असंही आहे. त्यावरून चार वर्षं आणि पाचव्या वर्षाचे २४० दिवस पुरतात असा मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. मुंबईतल्या कंपन्या तो सहजी मान्य करत नाहीत, पण अर्ज तरी करायलाच हवा. बेसिक १४,००० वर हिशेब: १४,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५, म्हणजे ४०,३८५ रुपये. फॉर्म 'आय' भरून मालकाला द्यायचा, आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम मिळायला हवी. उशीर झाला तर व्याज. अर्थात कंपनीशी चर्चा होऊन आणखी चार महिने नोकरी टिकली तर हा वादच उरत नाही. बोलणी करताना ही तारीख डोक्यात ठेवा.

प्रश्न : माझी जुनी कंपनी २०२० मध्येच बंद पडली, ऑफिसला कुलूप आहे. पीएफ काढायला गेलो तर 'डेट ऑफ एक्झिट' नाही म्हणून क्लेम घेतच नाही. दोन यूएएन (पीएफचे कायमचे सभासद क्रमांक) आहेत. देना बँकेतलं खातं जोडलेलं आहे. सुरुवात कुठून करू?

तुमच्या पत्रात तीन अडथळे आहेत आणि ते सोडवायचा क्रम महत्त्वाचा आहे. लोक उलट्या क्रमाने जातात आणि क्लेम परत परत फेटाळला जातो.

पहिलं बँक खातं. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि जुने आयएफएससी पुढे २०२१ मध्ये बंद झाले. जुन्या कोडवर पाठवलेले पैसे परत येतात, किंवा क्लेमच बाद होतो. आंध्रा, कॉर्पोरेशन, सिंडिकेट, ओरिएंटल, युनायटेड, अलाहाबाद या बँकांच्या खातेदारांचंही हेच. नवं पासबुक किंवा तुमचं नाव छापलेला चेक घ्या आणि पोर्टलवर बँक केवायसी पुन्हा भरा. २०२२ मध्ये इथे मंजुरी मालकाच्या डिजिटल सहीने होत असे, आणि मालक तर गायब. म्हणून तुमच्या बाबतीत हे काम कार्यालयातूनच करावं लागेल, त्याकडे खाली येतो.

दुसरं, दोन यूएएन. जुन्या खात्यातली रक्कम चालू यूएएनवर फॉर्म १३ ने वर्ग करून घ्या. याचा फायदा फक्त सोयीपुरता नाही. सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असेल आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर १० टक्के टीडीएस कापतात, पॅन जोडलेलं नसेल तर बराच जास्त. खाती एकत्र केली की दोन्ही नोकऱ्यांचा काळ मिळून मोजतात, आणि तीन अधिक तीन अशी सहा वर्षं झाली तर टीडीएसचा प्रश्नच मिटतो. उत्पन्न करपात्र नसेल तर कर कापू नये असं सांगणारा १५जी फॉर्म जोडा. धंदा बंद पडल्याने नोकरी गेली असेल तर पाच वर्षं न भरताही करमाफीची तरतूद आहे, पण ती आपोआप लागत नाही, कागद दाखवावा लागतो.

तिसरं, बाहेर पडण्याची तारीख. जानेवारी २०२० पासून सभासदाला ती स्वतः टाकता येते: पोर्टलवर 'मॅनेज' मध्ये 'मार्क एक्झिट'. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झालेले असले पाहिजेत. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्या महिन्यातलीच घ्या. एकदा टाकलेली तारीख नंतर बदलता येत नाही, म्हणून आधी पासबुक उघडून महिना पाहा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्रात रांग.

बंद कंपनीसाठी मार्ग असा. आधार आणि बँक यूएएनला आधीच जोडलेलं असेल तर आधारवाला संयुक्त क्लेम फॉर्म मालकाच्या सहीशिवाय थेट कार्यालयात देता येतो. जोडलेलं नसेल तर बिगर-आधार फॉर्म घ्या आणि मालकाच्या जागी बँक व्यवस्थापक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही घ्या. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्याच व्यवस्थापकाकडे जा, म्हणजे नाव आणि खातं एकाच माणसाच्या डोळ्यांखालून जातं. नाव किंवा जन्मतारखेत फरक असेल तर जॉइंट डिक्लरेशनही (दुरुस्तीचा संयुक्त अर्ज) त्याच पद्धतीने. कोणत्या कार्यालयात जायचं ते मेंबर आयडीची पहिली पाच अक्षरं सांगतात: एमएचबीएएन म्हणजे वांद्रे, केडीएमएएल म्हणजे कांदिवली, टीएचटीएचए म्हणजे ठाणे. चुकीच्या कार्यालयात दिलेला फॉर्म दोन आठवड्यांनी परत येतो.

किती काढावं? मे २०२२ च्या नियमाने नोकरी जाऊन एक महिना झाला की ७५ टक्के आणि दोन महिने झाले की सगळी रक्कम काढता येत असे. कोविडचा आगाऊ पर्यायही तेव्हा चालू होता: तीन महिन्यांचं बेसिक आणि महागाई भत्ता, किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी ते. त्याला नोकरी गेलेली असण्याची गरज नव्हती. आमचं मत विचाराल तर गरज असेल तेवढंच काढा आणि पेन्शनच्या भागाला, म्हणजे १०सी फॉर्मला, शेवटपर्यंत हात लावू नका. सेवा साडेनऊ वर्षांच्या पुढे गेली असेल तर ती दहा धरतात, मग पेन्शनची रक्कम काढता येत नाही, सेवेची नोंद असलेलं स्कीम सर्टिफिकेट मिळतं, आणि ५८ व्या वर्षी पेन्शन. आठ-नऊ वर्षं झालेल्या माणसाने घाईत १०सी भरणं म्हणजे आयुष्यभराची पेन्शन थोड्या हजारांसाठी सोडणं.

फेटाळलेल्या क्लेमचं कारण पोर्टलवर एका ओळीत येतं. ते न वाचता तोच क्लेम पुन्हा टाकू नका. महिना उलटूनही उत्तर नसेल तर ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

प्रश्न : भाची न्यू जर्सीत असते. 'अमेरिकेत बेरोजगारीचे दावे घटले, बाजार वधारला' अशा बातम्या नेहमी येतात. दावे म्हणजे नक्की काय? आणि आपल्याकडे असा आकडा का नाही?

अमेरिकेत बेरोजगारी विमा राज्यं चालवतात. मालकांवर पगारापोटी कर असतो, त्या पैशातून नोकरी गेलेल्याला आठवड्याला रक्कम मिळते. अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या तीनच राज्यांत कामगारालाही थोडा वाटा भरावा लागतो, म्हणजे तुमची भाची भरत असणार. दावा ज्या राज्यात नोकरी केली तिथे करायचा आणि मग दर आठवड्याला 'मी काम शोधतो आहे, काम करायला मोकळा आहे' असं कळवत राहायचं. बहुतेक राज्यांत मुदत २६ आठवडे, फ्लोरिडात १२. रकमेत तफावत मोठी: फ्लोरिडात कमाल २७५ डॉलर, मिसिसिपीत २३५, न्यू जर्सीत २०२० साली ७१३.

दर गुरुवारी तिथे सकाळी साडेआठला, म्हणजे तिथल्या उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे संध्याकाळी सहाला, केंद्रीय कामगार खातं आकडा जाहीर करतं. त्यात आधीचा आठवडा मोजलेला असतो. मार्च २०२० च्या अखेरीस एका आठवड्यात साठ लाखांहून अधिक नवे दावे आले, २०२२ मध्ये ते दोन लाखांच्या आसपास होते. तेव्हा अर्जांच्या लोंढ्याखाली राज्यांच्या यंत्रणा कोलमडल्या. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना तर जुनी कोबोल भाषा जाणणारे प्रोग्रामर पुढे या असं जाहीर आवाहन करावं लागलं. केंद्राने वर आठवड्याला ६०० डॉलर जोडले, ते जुलै २०२० अखेर संपले. नंतरची ३०० ची भर सप्टेंबर २०२१ मध्ये थांबली.

बातमी वाचताना एक काळजी घ्या. नवे दावे घटले याचा अर्थ नव्याने काढल्या जाणाऱ्यांची संख्या घटली, भरती वाढलीच असं नाही. शिवाय मुदत संपलेला माणूस चालू दाव्यांच्या यादीतून गळतो, त्याला नोकरी लागलेली नसली तरी.

आपल्याकडे असा आकडा नाही, कारण दावा करण्याजोगी सार्वत्रिक योजनाच नाही. ईएसआयची मर्यादा २१,००० पगाराची आहे, आणि मुंबईतल्या बहुसंख्य कामकऱ्यांना ना ईएसआय ना पीएफ. रोजगार हमी आहे, पण ती गावात. शहरात मोजमाप घरोघरच्या पाहणीवर चालतं. सरकारी श्रमबल पाहणीनुसार शहरी बेरोजगारी एप्रिल ते जून २०२० मध्ये जवळपास २१ टक्के, वर्षभराने १२.६ आणि जुलै ते सप्टेंबर २०२१ मध्ये ९.८ टक्के. आकडे उतरलेत हे खरं. पण या पाहणीत आठवड्याभरात एखाद्या दिवशी तासभर काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. नोकरी गेल्यावर वडापावच्या गाडीवर भावाला हातभार लावणारा माणूस बेरोजगार नसतो, हे लक्षात ठेवून 'सावरलेला बाजार' वाचा. दरमहा येणारे पीएफच्या नव्या सभासदांचे आकडेही नव्या नोकऱ्यांचे म्हणून छापतात. त्यात आधीच कामावर असलेल्यांची नव्याने झालेली नोंदणीही मिसळलेली असते.

प्रश्न : मी चार घरी स्वयंपाक करते, नवरा रिक्षा चालवतो. मागच्या वर्षी काहींना १,५०० रुपये मिळाले, आम्हाला नाही. आता काही करता येईल का?

ताई, एप्रिल २०२१ चं ते साहाय्य नोंदणी झालेल्या घरेलू कामगारांना, बांधकाम कामगारांना, फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना होतं. रिक्षा भाड्याने चालवणाऱ्याचं नाव परवान्यावर नसतं, म्हणून तुमच्यासारखी बरीच घरं सुटली. गेलेलं परत मिळणार नाही. पुढच्या वेळेसाठी घरेलू कामगार मंडळात तुमची नोंदणी करा. ज्या घरी काम करता त्यांच्याकडून तसं प्रमाणपत्र लागतं. दोघांनीही असंघटित कामगारांसाठीचं ई-श्रम कार्ड काढा. वय १६ ते ५९, पीएफ किंवा ईएसआय नसावा. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँक पासबुक एवढंच लागतं. नोंदणी मोफत आहे. सुरुवातीला अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण त्यात येत असे. दरमहा पैसे मिळण्याची ही योजना नाही, तसं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

प्रश्न : वय ४१. विमानतळाजवळच्या हॉटेलात सुपरवायझर होतो, मार्च २०२० पासून घरी. आता हॉटेलं भरती करताहेत, पण एजन्सीमार्फत, आणि पगार आधीपेक्षा कमी. एक जण दुबईच्या हॉटेलसाठी ८०,००० मागतो. दोन वर्षांच्या खंडाचं काय सांगू?

खंडाचं एका ओळीत सांगा: हॉटेल बंद झालं, त्या काळात अमुक केलं. डबे पोचवले असतील, भाजी विकली असेल तर तेही लिहा. हॉटेलवाल्यांना २०२० मध्ये काय झालं ते समजावून सांगावं लागत नाही. बायोडेटात महिने लपवले तर मात्र पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत ते दिसतात.

एजन्सीची नोकरी घ्यायला हरकत नाही, पण रुजू होण्याआधी विचारा: नेमणूकपत्र कोणाच्या नावाने, बेसिक किती, पीएफ जुन्याच यूएएनवर भरणार का, पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय क्रमांक कधी जोडणार. नवा यूएएन काढू देऊ नका, वर दोन यूएएनवाल्यांचं काय होतं ते आलंच आहे. दोन्ही वर्गण्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायच्या असतात. म्हणून दुसऱ्या महिन्याच्या २० तारखेला उमंग या सरकारी ॲपवर पासबुक उघडा. पगारातून कापलेत आणि पासबुकात नाहीत, तर तिथेच लेखी विचारा. सहा महिन्यांनी एजन्सी बदललेली असते. आणि कमी पगारावर बोलताना आकडा बेसिकवर मागा. 'हातात' मिळणारी रक्कम तीच ठेवून भत्ते फुगवले की पीएफ, ग्रॅच्युइटी दोन्ही घटतात.

दुबईसाठी ८०,००० अजिबात देऊ नका. परवानाधारक भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढंच सेवाशुल्क घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. एजंटाचा परवाना क्रमांक घेऊन ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तो चालू आहे का ते पाहा. व्हिजिट व्हिसावर पाठवून 'तिथे गेल्यावर बदलू' म्हणणाऱ्याला तिथेच निरोप द्या. विमानतळावरच्या नोकरीसाठी गणवेश, ट्रेनिंग किंवा गेटपासचे पैसे मागणारे फोनही सध्या जोरात आहेत. त्यांचाच एक भाऊबंद घरबसल्या डेटा एंट्रीचा: काम करून दिलं की 'चुका निघाल्या, करारभंगाचा दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस' अशा धमक्या. त्या नोटिशीला घाबरून पैसे पाठवू नयेत. पाठवले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तरच ते गोठवता येतात.

राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवा, जिल्हा रोजगार मेळाव्यांची सूचना तिथून येते. प्रोफाइल भरताना 'सुपरवायझर' एवढंच टाकू नका. हाउसकीपिंग, बँक्वेट की फ्रंट ऑफिस, किती खोल्यांचं हॉटेल, हाताखाली किती माणसं, कोणतं बिलिंग सॉफ्टवेअर, हे लिहिलं तरच शोधात नाव वर येतं.